हवा कुणी मारायची?

पेट्रोलच्या गाडीला हवा ओघानंच मिळायची. चार-आठ दिवसांनी काटा खाली आला की माणूस पंपावर जायचा, शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकायचा आणि निघता निघता कोपऱ्यातल्या नळीपाशी थांबायचा. तेल कंपन्यांच्या नियमाप्रमाणे पंपावर हवा फुकट द्यावी लागते. “पुढे पंचवीस, मागे तीस” एवढं सांगितलं की काम झालं. मुद्दाम हवा भरायला म्हणून घराबाहेर पडणारा स्कूटरवाला विरळा. हवा नेहमीच दुसऱ्या कामाच्या पोटात उरकायची.

विजेच्या गाडीनं हा ओघ तोडला. ती रात्री ओसरीत किंवा पडवीत चार्जिंगला लागते, सकाळी भरलेली बॅटरी घेऊन निघते आणि पेट्रोल पंपाच्या फाटकात शिरायचं तिला काही कारणच उरत नाही. टायरमधली हवा मात्र पूर्वीसारखीच झिरपत राहते. रबर कितीही चांगलं असलं तरी महिन्याला एक-दोन पौंड सहज जातात, आणि वॉल जुना असेल तर त्याहून जास्त. पूर्वी हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही, कारण पंपावरची नळी ती तूट भरून काढायची. आता ती तूट साठत जाते आणि एक दिवस गाडी जड लागते, बॅटरी लवकर उतरते, वळणावर मागचं चाक पोहल्यासारखं वाटतं.

बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त बोचते. इथे अंतरं मोठी आहेत. बुलढाण्याहून मलकापूरला किंवा खामगावला जायचं तर चाळीस-पन्नास किलोमीटर आणि मध्ये घाट: एकीकडे राजूरचा, दुसरीकडे ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरणारा बोथ्याचा. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजा आणि मेहकर तालुक्यांतून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. दुचाकीचा संसार जुन्या रस्त्यांवर आणि पांदणीवरच. पांदणीत सराटे असतात, बाभळीचे काटे असतात आणि जवळचं पंक्चरचं दुकान पुढच्या फाट्यावर. म्हणून बॅटरीवर चालणारा, हाताच्या पंजात मावणारा पंप डिकीत ठेवणं इथे चैनीचं राहिलेलं नाही.

हे यंत्र बाजारात ‘इन्फ्लेटर’ म्हणून मिळतं, घरात त्याला सरळ ‘पंप’च म्हणतात. वायर नाही, दांडा नाही. एक छोटी नळी, एक आकडे दाखवणारी पट्टी, दोन-तीन बटणं. नळीचं पितळी तोंड वॉलवर फिरवून बसवायचं, आकडा ठरवायचा, बटण दाबायचं. यंत्र घरघरतं आणि आकडा गाठला की आपोआप थांबतं. हे पाहिल्यावर कुणालाही वाटेल की ही कालपरवा जन्मलेली वस्तू आहे. तिचं आजचं रूप खरंच कालचं आहे. तिचं घराणं मात्र फार जुनं, आणि त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या एकच भांडण चालत आलेलं दिसतं: हवा दाबायचे कष्ट कुणाच्या अंगावर टाकायचे?

घराण्याचा मूळ पुरुष गावच्या लोहाराच्या साळेत सापडतो. लोहाराचा भाता बकऱ्याच्या कातड्याचा. जोडभाता असला की एक दाबताना दुसरा भरतो, त्यामुळे वाऱ्यात खंड पडत नाही. ऐरणीवर घण घालणारा लोहार सगळ्यांना दिसायचा. भात्यावर बसून दिवसभर हात चालवणारी त्याची बायको किंवा पोर कुणाच्या हिशेबात नसायचं. वाऱ्याची मजुरी ही अशी पहिल्यापासून घरातल्या दुबळ्या हातांवर पडत आली.

त्या वाऱ्यावर जे लोखंड तापायचं त्यातलं एक काम चाकांचं असायचं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर भट्टीत तिची दोन टोकं जोडायची, मग जमिनीवर गोवऱ्या रचून त्यांच्या आगीत ती सगळी लाल करायची, सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि चाकाचे आरे आवळून धरतं. या धावांवरून वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारात यायचा. १८६० च्या दशकात भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जिल्ह्याच्या उत्तर भागातून गेला आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत कापसासाठी खास फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगावच्या बाजारातल्या बैलगाड्यांच्या एकाही चाकात हवा नव्हती. दगडी वाटेचा प्रत्येक हादरा धावेतून आऱ्यात, आऱ्यातून आसात आणि आसातून गाडीवानाच्या कमरेत जायचा.

हवेला नळकांड्यात कोंडण्याचा मान जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहराच्या ओटो फॉन गेरिके याच्याकडे जातो. १६५० च्या सुमारास त्यानं नळकांडं, दट्ट्या आणि झडप यांची जुळणी केली. त्याला हवा भरायची नव्हती, बाहेर काढायची होती. हवा काढलेले दोन पोकळ अर्धगोल घोड्यांच्या जोड्यांनाही ओढून वेगळे करता येईनात, हा त्याचा प्रयोग शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत आहे. पुढे इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकनं रॉबर्ट बॉइलसाठी १६५९ मध्ये सुधारलेला पंप बनवला आणि १६६२ मध्ये बॉइलनं नियम मांडला: तापमान तेच असेल तर जागा निम्मी केल्यावर दाब दुप्पट होतो. झडपेची दिशा उलटी केली की तोच पंप हवा भरू लागतो. आपल्या डिकीतल्या यंत्राच्या पोटात आजही हेच तिघं आहेत: नळकांडं, दट्ट्या आणि झडप. साडेतीनशे वर्षांत त्यांच्यात चौथ्याची भर पडलेली नाही.

चाकात हवा भरायची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाची. १८४५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यानं तिचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी, वर चामड्याचं कवच. बग्गीच्या चाकांवर ती चाललीही. पण पातळ, टिकाऊ रबर त्या वेळी दुर्मीळ होतं, सायकल जन्मायची होती आणि घोड्याच्या गाडीला त्या मऊपणाचं मोल देणारं गिऱ्हाईक मिळेना. कल्पना चार दशकं पडून राहिली.

मग आलं १८८८ साल. बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तिचाकीला हवेची नळी बसवून पाहिली आणि त्या वर्षी पेटंट मिळवलं. पहिल्या प्रयोगात त्यांनी हवा भरायला वापरला तो फुटबॉलचा पंप. (दोन वर्षांनी थॉमसनच्या जुन्या कागदांमुळे ते पेटंट रद्द ठरलं, पण तोवर धंदा उभा राहिला होता.) किर्लोस्कर समूह आपला जन्म मानतो तोही याच १८८८ सालचा आणि सायकलच्याच दुकानातला, लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगावातल्या. या योगायोगाकडे मला पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. हवेचं चाक आणि ते चाक विकू पाहणारा मराठी उद्योजक एकाच वर्षी उभे राहतात. त्याच घराण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ मध्ये पुण्यात हवेचे कॉम्प्रेसर बनवण्यासाठी निघते. मराठी मुलखापुरती हवेच्या पंपाची वंशावळ काढायची तर तिचा एक धागा बेळगावच्या त्या दुकानातून काढावा लागेल.

हवा भरणं सोपं होतं, ती कोंडून ठेवणं अवघड. या घराण्यातली खरी बुद्धी मला पंपापेक्षा वॉलमध्ये दिसते, आणि आजच्या पंपाचं नशीबही तिथेच ठरतं.

जुन्या काळ्या सायकलचा वॉल उघडून पाहिलेल्यांना आठवत असेल. वरची चकती फिरवून काढली की आतून पितळेची बारीक पिन निघते. तिच्या पोटात आरपार नाही, कडेला उघडणारं भोक असतं आणि त्या भोकावर घट्ट चढवलेली इंचभराची रबरी नळी. हीच वॉल ट्यूब. पंप मारला की हवा त्या भोकातून रबराला ढकलून आत जाते. दाब थांबला की रबर पुन्हा भोकाला चिकटतं आणि हवा परत येत नाही. स्प्रिंग नाही, स्क्रूचं नाजूक काम नाही. वुड्स नावाच्या इंग्रज कारागिराची ही १८९१ ची युक्ती. वॉल ट्यूब कुजली तर दुकानदार नव्या नळीचा तुकडा कापून थुंकी लावून चढवायचा आणि सायकल पुन्हा रस्त्याला लागायची. गरिबाच्या वाहनाला शोभेल अशी ही रचना आहे आणि मला ती अतिशय आवडते. तिची एकच अडचण: रबर ताणायला जोर लागतो. शाळकरी पोरानं सायकलला हवा मारताना पंपावर अख्खं अंग टाकलं, त्यातला बराच जोर टायरमध्ये न जाता त्या चिमुकल्या रबराशी झुंजण्यात खर्ची पडायचा.

दुसरा वॉल अमेरिकेतला. न्यूयॉर्कच्या श्रेडर यांच्या कारखान्यानं १८९३ मध्ये स्प्रिंगची पिन असलेल्या वॉलचं पेटंट घेतलं. मोटार, ट्रक, स्कूटर, मोटारसायकल, आणि आता बहुतेक ई-बाइक, सगळ्यांना हाच. पिन दाबली की मार्ग दोन्ही बाजूंनी खुला होतो. म्हणजे नळी लावताच टायरमधली हवा पंपाला ‘दिसते’. डिकीतला पंप टायरमध्ये किती हवा आहे ते आधी वाचतो, मग भरतो आणि नेमका थांबतो, ते केवळ यामुळे. वॉल ट्यूबच्या सायकलला तोच पंप क्लिप लावून जोडता येतो, हवाही भरते. पण आतला दाब रबरी नळीच्या पलीकडे अडलेला असल्यानं सुरुवातीचा आकडा शून्य दिसतो आणि भरताना दिसतो तो आकडा रबर ताणण्याच्या जोरासकटचा, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त. यंत्र लवकर थांबतं आणि टायर मऊच राहतो.

हे बारकाव्याचं वाटेल, पण जिल्ह्यातल्या घरांत ते रोजचं आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. एकाच घरात बापाची ई-स्कूटर आणि लेकीची सायकल उभी असते आणि पंप एकच. स्कूटरला जो पंप बिनचूक चालतो तो लेकीच्या सायकलला फसवू शकतो, हे पंपाच्या खोक्यावर कुणी लिहीत नाही. अशा सायकलला आकड्यावर विसंबू नये. टायर अंगठ्यानं दाबून पाहावा, लागल्यास आकडा चार-पाच पौंड चढवून ठेवावा.

पंपाकडे परत येतो. सायकलच्या दुकानासमोरचा उभा पंप अनेकांच्या हातांना अजून आठवत असेल. खाली दोन पावलं ठेवायची लोखंडी पट्टी, वर आडवा दांडा, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. त्याच्या आत दट्ट्याच्या टोकाला चामड्याची वाटी असायची, तिला म्हणायचे वायसर. वर ओढताना वाटीच्या कडा सैल पडून बाजूनं हवा आत घ्यायच्या, खाली दाबताना त्याच कडा फुगून नळकांड्याला घट्ट चिकटायच्या. वायसर वाळला की पंप नुसता वर-खाली व्हायचा. मग दुकानदार दांडा उपसून त्यात तेलाचे चार थेंब सोडायचा, चामडं बोटांनी मऊ करायचा आणि पंप पुन्हा हवा धरायचा. भात्याचं कातडं इथवर येऊन पोहोचलं होतं. आजच्या छोट्या पंपात ती जागा रबराच्या किंवा टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकच्या कड्यानं घेतली आहे, कारण त्याला तेल लागत नाही.

हवेचा धंदा म्हणून पाहिलं तर तो कधीच मोठा नव्हता. तासावर सायकल भाड्यानं देणाऱ्या दुकानात हवा ही वरकड कमाई. काही पैसे द्या आणि पोऱ्या मारून देईल, नाहीतर पंप घ्या आणि स्वतः मारा. खरी कमाई पंक्चरची: चाक उपसायचं, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवून बुडबुडा शोधायचा, जागा खरडायची, सोल्युशन लावून वाळू द्यायचं, ठिगळ बसवून ठोकायचं. पंक्चर पकडणाऱ्या त्या पोऱ्यानंच भात्यावरच्या पोराची जागा घेतली होती. कष्टाचं रूप बदललं, पण बसणारा तोच राहिला, पोर किंवा अर्धा जवान, ज्याचं नाव दुकानाच्या पाटीवर येत नाही.

स्कूटरनं दुसरा उपाय आणला: हवा भरायचीच नाही, भरलेलं चाकच सोबत न्यायचं. ही चाल मोटारीची. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी स्टेपनी स्ट्रीटवर सुटं चाक बनवून विकायला काढलं आणि ते जगभर गेलं. बजाज ऑटोचा आकुर्डीचा कारखाना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, चेतक १९७२ ची; या स्कूटरला स्टेपनी असायची आणि पुढची-मागची चाकं एकाच मापाची, त्यामुळे कुठलंही फुटलं तरी ती चालायची. चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणाऱ्या पिढीला पाना आणि स्टेपनी घेऊन चाक बदलणं हे गाडी चालवण्याइतकंच येत होतं. नंतर गिअरशिवायच्या स्कूटर आल्या, स्टेपनी गेली आणि तिच्याबरोबर ते कसबही. ट्यूबलेस टायरनं खिळा रुतल्यावरही हवा लगेच जात नाही, एवढा दिलासा दिला. चेतक २०२० मध्ये विजेवर परत आली. तिच्यात ना स्टेपनी, ना पेट्रोलची टाकी.

पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मागे कॉम्प्रेसर आहे. मोटरनं चालणारा दट्ट्या, खाली लोखंडी टाकी, ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारा स्विच. पुण्याच्या किर्लोस्करांप्रमाणे कोइंबतूरच्या एल्जी कंपनीनंही (स्थापना १९६०) असे कॉम्प्रेसर देशभरच्या गॅरेजांत पोहोचवले. दाब दाखवणारा गोल काट्याचा डायल मात्र त्याहून जुना. फ्रेंच यंत्रज्ञ युजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं ते वाफेच्या बॉयलरसाठी. एक चपटी, वाकवलेली धातूची नळी. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. वाफेची इंजिनं आणि वाफेवरचे जिन-प्रेस यांच्याबरोबर हा डायल वऱ्हाडात आला आणि नंतर हवेच्या नळीवर बसला. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, मलकापूर ते खामगावच्या पट्ट्यात, ट्रकच्या टायरवाल्यांनी हाच कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालवला. इथे पहिल्यांदा हवा दाबायला माणसाचं अंग लागलं नाही. मात्र त्यासाठी माणसाला हवेपाशी जावं लागलं.

जायची ती गरज मिटवायला तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या आणि त्या तिन्हींचा टायरशी काडीचा संबंध नव्हता.

पहिली म्हणजे वायरशिवाय चालणारं हत्यार. ब्लॅक अँड डेकरनं १९६१ मध्ये बॅटरीवरचं ड्रिल आणलं, पण त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटरीत दम थोडा आणि वजन फार. दुसरी लिथियमची बॅटरी. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला तिचा धन ध्रुव शोधला, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये वापरण्याजोगी बॅटरी बनवली, सोनीनं १९९१ मध्ये ती व्हिडिओ कॅमेऱ्यात घालून विकली; या कामाला स्टॅन्ली विटिंगहॅम यांच्यासह २०१९ चं नोबेल मिळालं. तिसरी गोष्ट दाब मोजणारी सिलिकॉनची चकती. सिलिकॉन ताणलं की त्याचा विद्युतरोध बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये दाखवलं. आज डॉक्टरांच्या डिजिटल बीपी मशिनमध्ये आणि आपल्या पंपात याच तत्त्वावरचे सेन्सर असतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या तुकड्यानं बूर्दाँची वाकडी नळी निवृत्त केली.

या तिन्हींना गेरिकेच्या नळकांड्याची जोड मिळाली की आजचा पंप तयार. उघडून पाहिलं तर आत अठरा मिलिमीटर जाडीच्या आणि पासष्ट मिलिमीटर लांबीच्या दोन-तीन बॅटऱ्या, एक छोटी मोटर, दातेरी चाकं आणि जुन्या एक रुपयाच्या नाण्याहून लहान तोंडाचा दट्ट्या दिसतो. दट्ट्या लहान असल्यानं एका फेरीत जाणारी हवा चिमूटभर, पण फेऱ्या मिनिटाला हजारो. स्कूटरच्या टायरमध्ये वीस पौंडांवरून तीस पौंडांवर जायला बाहेरची साधारण चार लीटर हवा आत कोंबावी लागते. हे काम मिनिटाच्या आसपास होतं. तेवढ्यात नळीचं टोक चांगलंच गरम होतं. हवा दाबली की ती तापतेच. उभ्या पंपाचं बूड हाताला भाजायचं तेही याच कारणानं. म्हणून लागोपाठ दोन-तीन गाड्या भरायच्या असल्या तर मध्ये यंत्राला थंड होऊ द्यावं.

एक नातं इथे लक्षात येतं. ई-स्कूटरच्या सीटखाली आणि पंपाच्या पोटात एकाच घराण्याच्या बॅटऱ्या आहेत. स्कूटरमध्ये तीनेक युनिट वीज, पंपात तिच्या दोनशेव्या हिश्शाइतकी. ज्या बॅटरीनं माणसाला पेट्रोल पंपापासून तोडलं, तिच्याच धाकट्या भावंडानं पंपावरची हवा घरी आणून दिली. पंप बनवणाऱ्यांनी असा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण जिल्ह्यातल्या डिकीत या दोघी शेजारी शेजारी का बसल्या, याचं कारण हेच.

घरी हवा मारायची म्हटल्यावर वेळ आपल्या हाती येते आणि वऱ्हाडच्या उन्हात ही मोठीच गोष्ट आहे. टायरचा आकडा थंड टायरवर मोजायचा असतो. पहाटे पंचवीस अंशांना तीस पौंड असलेली हवा, गाडी हललीही नाही तरी, दुपारच्या पंचेचाळीस अंशांना तीन पौंडांनी वाढते. चालत्या गाडीत याहून जास्त. पूर्वी माणूस दुपारी तापल्या टायरनं पंपावर जायचा, आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कमी हवेवर शेतात निघायचा. कमी हवेच्या टायरची कूस प्रत्येक फेरीला दुमडते, दुमडून तापते आणि उन्हाळ्यात तापलेल्या डांबरावर त्या उष्णतेला जायला वाट मिळत नाही. आता चहा उकळेपर्यंत ओसरीत हे काम होतं. नळी काढताना फुस्स करून थोडी हवा निसटते, तेव्हा एक पौंड जास्त लावावा, हे चार दिवसांत हाताला कळतं. घाटाचाही हिशेब आहे: बुलढाणा शहर डोंगरावर, मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात, मधली उतरण साडेतीनशे-चारशे मीटरची. खाली बाहेरच्या हवेचा भार वाढतो आणि वर भरलेला टायर खाली अर्धा-पाऊण पौंड कमी दाखवतो. एवढ्यानं काही बिघडत नाही. पण दोन गावांचे आकडे जुळत नाहीत म्हणून यंत्राला दोष देणाऱ्यानं हे माहीत करून घ्यावं.

ई-स्कूटरमध्ये हवा चुकणं महागात पडण्याचं आणखी एक कारण मागच्या चाकात आहे. अनेक स्वस्त गाड्यांची मोटर चाकाच्या तुंब्यातच असते. तिच्यातून जाड वायर निघते, चाक सोडवायचं तर ती वायर आधी सोडवावी लागते, आणि गावच्या पंक्चरवाल्याला त्या वायरीला हात लावायची धास्ती वाटते. ती रास्तही आहे. त्याला कुणी हे शिकवलेलं नाही. टायर ट्यूबलेस असेल तर चाक न काढता रबरी वात ठोसून भोक बुजवता येतं आणि पंपानं हवा भरून पुढे जाता येतं. ट्यूबचा टायर असेल तर पंपाचा उपयोग तेवढाच: सराट्याच्या बारीक भोकातून हवा हळू जात असेल, तर ती भरत भरत पुढच्या गावापर्यंत पोहोचणं.

म्हणजे पंक्चरवाल्याचं काम संपलेलं नाही, उलट अवघड झालं आहे, आणि त्याच्या हाती येणारी हवेची चिल्लर मात्र कमी झाली आहे. मला काळजी वाटते ती त्याची. आयटीआयमध्ये आणि तालुक्याच्या गावांत मोटरचं चाक उतरवण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण या दुकानदारांना दिलं, तर फाट्यावरच्या दुकानाला उद्याचं गिऱ्हाईक मिळेल. आणि पेट्रोल पंपाला जशी फुकट हवेची अट आहे तशी ती चार्जिंगच्या जागांनाही घालावी. लोणार, शेगाव, सिंदखेड राजा इथे बाहेरगावची माणसं दुचाकीवर येतात. तिथल्या चार्जिंगच्या खांबाशेजारी एक नळी, एक डायल आणि ‘वॉल ट्यूबच्या सायकलला चालेल’ असं तोंड असलेला जोड, एवढं पुरे. पंप सगळ्यांना परवडत नाही, आणि ज्या मुलीची सायकल मानव विकासमधून आली तिला तर हवा अजून अंगाचा जोर लावूनच मारावी लागते.